चेहऱ्याची साक्ष

विवाह नोंदणी कार्यालयातल्या यंत्राने प्रमिलाताई गोवंडेंचा चेहरा न्याहाळला आणि पडद्यावर शब्द उमटले: ‘वधूची संमती आढळली नाही.’

सत्तरीच्या प्रमिलाताई अवाक झाल्या. शेजारी नवरदेव उभे होते, त्या जिथे शिकवायच्या त्याच शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक चिटणीस सर.

“आजी, कुणाची जबरदस्ती नाही ना?” अधिकाऱ्याने पडद्याकडे बघतच विचारलं. “चेहऱ्यावर आनंदच दिसत नाही.”

“मला पार्किन्सन्स आहे. त्यात चेहरा आखडतो. आनंद पोटात मावत नाहीये माझ्या, पण चेहऱ्यावर कुठून आणू? तोंडाने सांगतेय ना, हो म्हणून!”

“तोंडी संमती आता चालत नाही. बऱ्या झाल्यावर या.”

“हा आजार बरा होत नाही!” त्या संतापल्या, पण आवाज पुटपुटल्यासारखाच निघाला. “मला तक्रार करायचीय.”

त्याने यंत्र पुन्हा त्यांच्याकडे वळवलं. ‘राग आढळला नाही. तक्रार अमान्य.’

प्रमिलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थरथरत्या हातांनी त्यांनी ते यंत्र उचललं, टेबलावर पालथं घातलं आणि समोरच्या खुर्चीत ठाण मांडलं.

“आता माझ्याकडे बघा,” त्या म्हणाल्या, “आणि मला विचारा.”

अधिकाऱ्याने यंत्र सरळ करायला हात पुढे केला.

“अहो, विचारा की त्यांना!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.