माकडानं नेलेली डबी

"कुणाला सांगितलं तर खरं वाटणार न्हाई बसम्मा, पण निलंग्याच्या स्टँडवर माकडानं माझ्या गळ्यातली लिंगाची डबी पळवली!" संगप्पानं उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

बसम्मा शेंगा फोडत बसली होती. तिच्या बापानं लग्नात दिलेली चांदीची डबी ती. गेल्या पाडव्याला तीच मुठीत धरून संगप्पानं बायकोला शब्द दिला होता, की पत्ते खेळीन ते घरातच, अन् तेही शेंगदाण्यावर.

त्याच्या थापांना सारी गल्ली हसायची. आज मात्र कुणी हसू नये असं त्याला वाटत होतं. तरी जिभेला वळण तेच. "लई दांडगं माकड! डबी घेतली अन् उदगीरच्या एसटीच्या टपावर जाऊन बसलं. कंडक्टर उतर म्हणला, तर डबी वाजवून दाखवली त्याला. तिकिटाला चांदी हाय म्हणून!"

बसम्मा उठली. तिनं त्याच्या सदऱ्यात हात घालून गळ्यातला दोरा बाहेर ओढला. जुन्या रुमालात गाठ मारून बांधलेलं लिंग वर आलं. डबी पत्त्याच्या डावात गेली होती, पण देव डावावर लावायला संगप्पाचा हात धजला नव्हता. तो खाली शेंगांकडं बघत राहिला.

"मग लिंग तेवढं काढून, रुमालात बांधून, परत तुमच्या गळ्यात घातलं व्हय त्यानं?" बसम्मा म्हणाली. "लिंगायत दिसतंय माकड. बस म्हणावं त्याला, त्याच्यासाठीच शेंगा फोडत बसलेय."