वाकलेला शिक्का

काझुशिगेची एक खोड तोमीला कधीच सहन झाली नाही. चूक केली की तोंड उघडायचं सोडून हा मिठाईचा खोका पुढे करायचा. या रविवारीही तो आत आला, गुडघे मोडून बसला आणि रेशमी कापडात बांधलेला खोका त्याने आईपुढे सरकवला. मिठाई क्योतोच्या महागड्या दुकानातली. म्हणजे चूक मोठी.

तोमीने खोका परत ढकलला. “आधी बहिणीकडे बघ.”

चिझुरू खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. मान नेहमीसारखी डाव्या खांद्यावर कललेली. पुढ्यात गल्लीतल्या सायकलवाल्या नागासेने खास तिच्यासाठी घडवलेला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. हनुवटीने ढकलायची एक दांडी, गालाने दाबायची दोन बटणं. आजाराने बोटं निकामी झाली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती यावरच खेळायची. खेळात तिची मासेमारीची होडी होती. होडीवर चौघी खलाशी, दूर उत्तरेकडच्या, कधी न भेटलेल्या, तिला कप्तान म्हणणाऱ्या. घराबाहेरची तिची माणसं तेवढीच.

गुरुवारपासून पडद्यावर एकच ओळ होती. हे उपकरण चालणार नाही.

“कप्तान बंदरातच बसलीय, दादा,” चिझुरू म्हणाली. “खलाशी दुसरी कप्तान बघतायत. मासे काय माझ्यासाठी थांबतात?”

काझुशिगे त्या खेळयंत्राच्याच कंपनीत एकवीस वर्षं नोकरीला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

“बाहेरचे कंट्रोलर लावून लोक लबाडी करतात, आई. नेम आपोआप लागतो, समोरचा हरतो. तक्रारींचा ढीग पडला होता. म्हणून सगळेच बंद केले. आमचा परवानगीचा असतो ना, तो मी हिला आणून देतो.”

“त्याला बोटं लागतात?”

तो खोक्यावरच्या रेशमी कापडाची गाठ सारखी करू लागला.

“म्हणजे लागतात. आणि ही बया बांगडा मासळीवर कुठला नेम धरून लबाडी करणार होती?”

“मी एकट्याने नाही ठरवलं.” त्याने बॅगेतून त्या निर्णयाचा कागद काढून चटईवर ठेवला. “बघ, सहा जण आहेत.”

तोमीला त्यातली निम्मी अक्षरं लागत नव्हती. शिक्के लागत होते. सह्यांच्या जागी ओळीत सहा जणांच्या नावांचे सहा लाल शिक्के. डावीकडचा पहिला ताठ, पुढचा प्रत्येक आधीच्याहून जास्त कललेला, शेवटचा तर पडायच्या बेतात. तो तिने ओळखला. पोराला नोकरी लागली तेव्हा कोरणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून तिनेच तो करून घेतला होता.

“हा आडवा का झालाय?”

“पद्धत आहे. साहेबाच्या शिक्क्यापुढे आपला शिक्का वाकलेला हवा.”

“हिचा कंट्रोलर त्यातल्या कुणाला ठाऊक होता?”

“मला.”

“मग बोललास?”

“विषय निघाला नाही.”

खिडकीपाशी दांडी खटकन वाजली. चिझुरूने सवयीने हनुवटी ढकलली होती. पडद्यावरची ओळ तशीच राहिली.

तोमीने कागदाची घडी घातली, मिठाईच्या खोक्यावर ठेवली आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हिला मान सरळ करता येत नाही, काझु,” ती म्हणाली. “तुला येते.”