दोन बोटं मोकळी

व्हर्नाने ब्रेडचा डबा उलटा केला आणि तळाला चिकटलेली कागदी पट्टी नखाने खरवडायला घेतली. चर्चच्या जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीत आधीची पट्टी राहिली की लोक तिलाच किंमत समजतात. डबा पत्र्याचा, लाल झाकणाचा. तो आर्लिसने, तिच्या धाकट्या बहिणीने, कुठल्याशा लिलावात घेतला होता. आर्लिस फेब्रुवारीत गेली.

आर्लिसचा नवरा मर्ल शेडच्या दारात उभा होता. त्याच्यामागे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर, गाडीला जोडून न्यायचा, १९५८ सालचा. बाहेरून आरशासारखा, आतून रिकामा. दुपारी एक माणूस तो ओढून न्यायला येणार होता. ट्रेलर त्या माणसाला आणि त्यात मांडण्यासाठी आर्लिसने जमवलेल्या वस्तूंची सात खोकी चर्चला, असं मर्लनेच ठरवलं होतं.

व्हर्नाने विचारलं, इतकी वर्षं घासूनपुसून आता एका न झालेल्या कपाटासाठी का सोडतोस? तेव्हा त्याने आर्लिसला कधीच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. जुनी फळी नव्या फळीवर ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची, आणि मगच जुनी जाळायची. हे काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. त्याने मात्र स्वयंपाकाच्या बाजूचं कुजलेलं कपाट एका सकाळी फोडून पिंपात टाकलं, पेटवलं, आणि पेन्सिल नंतर आठवली. असे ट्रेलर त्या काळी हातानेच बांधत. एकासारखा दुसरा नसतो. आणि आर्लिसला कपाट होतं तसंच हवं होतं.

"तिला सांगत राहिलो की बर्चचं चांगलं लाकूड मिळत नाही. तीन वर्षं."

"आपण मिनेसोटात राहतो, मर्ल," व्हर्ना म्हणाली. "बर्चची रानं आहेत इथे. त्यासाठी तीन वर्षं कोण थांबतं? तिला ते पहिल्याच महिन्यात खरं वाटेनासं झालं होतं."

व्हर्नाने पुन्हा डब्याकडे पाहिलं आणि तिचं नख थांबलं. पट्टीवर आकडा नव्हता. आर्लिसचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. तिने डबा उजेडात धरून वाचलं.

"खालचा कप्पा, डावीकडे. वर दोन बोटं मोकळी."

मर्लने दुसऱ्या खोक्यातून हिरवी कॉफीची किटली काढली. वर्तमानपत्र सोडवून ती उलटी केली. तिच्याही तळाला पट्टी होती: मधला कप्पा, उजवीकडे, तोटी भिंतीकडे. वर दोन बोटं मोकळी. पिवळ्या बशांच्या सगळ्यांत खालच्या बशीला पट्टी होती. रेडिओलाही होती.

आता व्हर्नाला आठवलं आणि तिने ते मर्लला सांगितलं. विलमारच्या बाजारात एक निळा डबा होता, अर्ध्या किमतीत, या लाल डब्यापेक्षा कितीतरी देखणा. घे घे म्हणून ती आर्लिसच्या मागे लागली होती. आर्लिसने पर्समधून कापडी फीत काढून डब्याला लावली, एक बोट मोठा आहे म्हणाली आणि डबा परत ठेवला. गाडीपर्यंत व्हर्ना तिची थट्टा करत गेली होती. ट्रेलर घरी आला त्याच दिवशी कपाटावर धरून त्या फितीवर खुणा केल्यात, असं आर्लिस सांगत होती.

"कुठे आहे ती फीत?" मर्लने विचारलं.

व्हर्ना स्टुलावर बसली. पर्स तिनेच वसंतातल्या विक्रीला दिली होती, आतल्या सगळ्या सामानासकट. "मला वाटलं, शिवणाची आहे."

"राहू दे," मर्ल म्हणाला.

त्याने कपाटासाठी आणलेली रुंद नवी फळी जमिनीवर आडवी टाकली. ब्रेडचा डबा खाली डावीकडे ठेवला, त्याच्या शेजारी पिठाचा डबा. मग वरचं अंतर सोडायला स्वतःची दोन बोटं लावली. ती शेतकऱ्याची जाड बोटं होती.

"तुझी नकोत," व्हर्ना गुडघ्यांवर बसत म्हणाली. "माझी घे. आमच्या दोघींच्या हातमोज्यांचं माप एकच."

एकेक खोकं रिकामं होत गेलं. तो वस्तू आडवी ठेवायचा, ती पट्टी वाचायची आणि वर आपली बोटं टेकवायची. शेवटी मीठ-मिरीची जोडी ठेवून झाल्यावर मर्ल उठून उभा राहिला.

वस्तूंच्या मधून दोन रिकाम्या रेघा गेल्या होत्या. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, सरळ. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या वस्तू, आणि एकही रेघेच्या बाहेर नव्हती. डावीकडची उंच बाजू, उजवीकडे भिंतीबरोबर वळणारी कड, मधला अरुंद कप्पा. त्याने जाळलेलं कपाट समोर पडलं होतं, फक्त लाकूड नव्हतं.

मर्लने डोक्यावरची टोपी काढली.

मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि रेघ मारायला वाकला.

वरच्या कप्प्यात उजवीकडे एक जागा रिकामी राहिली. व्हर्नाने सातही खोकी झटकली. वर्तमानपत्राशिवाय काही निघालं नाही.

"इथलं घ्यायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि तो दुपारचा माणूस?"

"त्याला कॉफी पाजून परत पाठवू. शनिवारी विक्री किती वाजता उघडते?"

"नऊला. पण आता तुझ्याकडे द्यायला काय आहे?"

खोक्याची सुतळी सोडवून मर्लने ती रिकाम्या जागेवर ताणून धरली. व्हर्नाने न विचारता टोकाशी आपली दोन बोटं ठेवली. तेवढी सोडून त्याने सुतळी कापली आणि शनिवारसाठी शर्टाच्या खिशात ठेवली.