दोनदा रेस

दादा वारल्यापासून त्याची जुनी मोटारसायकल गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. ती चालू करायचीच, असं मी मनावर घेतलं. मूळचं आरपीएम मीटर कामातून गेलेलं, म्हणून बाजारातून इलेक्ट्रॉनिक आणलं. त्याची वायर प्लगच्या केबलभोवती गुंडाळायची. ठिणगी पडली की काटा हलतो, एवढंच त्याचं शास्त्र.

वायर गुंडाळली, मीटर बॅटरीला जोडलं आणि काटा सरसर वर चढला.

मी चक्रावलो. प्लग साफ करायला काढलेला, तो माझ्या हातातच होता. इंजिन थंडगार. तरी काटा चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता, अगदी कुणी गिअर बदलत असल्यासारखा. मी वायर सोडवून बाजूला ठेवली. काट्याला त्याचं काहीच नव्हतं.

"वहिनी, जरा या हो. माझं तर डोकंच चालेनासं झालंय."

वहिनी नॅपकिनला हात पुसत आल्या आणि काट्याकडे बघत राहिल्या. "हा पुलाचा चढ," त्या पुटपुटल्या. काटा उतरला. "हा गतिरोधक. आता आपली गल्ली."

"काहीतरीच काय! मीटर बिघडलंय."

काटा खाली स्थिरावला. मग दोनदा झटकन उसळला. गाडी बंद करण्याआधी दोनदा रेस द्यायची, ही दादाची खोड. मग काटा शून्यावर आला.

वहिनींनी नॅपकिनची नीट घडी केली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "गेट मी उघडू, की तुम्ही उघडता?"