हात लावू नये

जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांतून गाळून आलेले नैरोबीचे सकाळचे ऊन खिडकीच्या गजांवर रेंगाळले, चहाच्या कपाशी क्षणभर थबकले आणि हळूहळू ओचोलाच्या संगणकाच्या पडद्यावर येऊन विसावले. अकरा वर्षे ते असेच येत होते, आणि कंपनी वापरत असलेले मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट मिळणारे, सॉफ्टवेअरही अकरा वर्षांपूर्वीचेच होते. ते जुने प्रकरण जाणणारा तो एकटाच उरला होता. त्याच्यावाचून कंपनीचे पान हलत नसे, म्हणून किसुमूला बायकोपोरांकडे परतायला कंपनी त्याला सोडत नसे.

“काका, तुम्हाला आणि या सॉफ्टवेअरला एकदमच म्युझियममध्ये ठेवू या!” नवी आलेली म्वेंडे हसली. “नवी आवृत्ती फुकट मिळते, आणि इथे कोडमध्ये लिहिलंय, ‘नवी घेऊ नये, सगळे बंद पडेल.’ कुठल्या शहाण्याने लिहिलं हे?”

“असेल कुणी जुना साहेब. त्याच्याच पायी कुजतोय मी इथे.”

“थांबा, प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव असतं. आत्ता काढते.”

“राहू दे गं,” तो घाईने म्हणाला.



ती ओळ त्याचीच होती, नोकरी पक्की राहावी म्हणून लिहिलेली. आणि ती लिहिण्यापूर्वी त्याने लावून पाहिलेली नवी आवृत्ती बिनतक्रार चालली होती.