दर माणशी

"माणसं मोजू नका," शिंपीणबाई उभ्या राहून म्हणाल्या. "फी घरामागं वाढवा, हवं तर दुप्पट करा. पण माणसं मोजू नका."

सभागृह हसलं. सांडपाण्याची फी वाढवायची की नाही यावर दोन तास खडाजंगी चालली होती. एका निवृत्त मास्तरांनी तर "माझं पोट आठवड्यातून दोनदाच साफ होतं, सवलत द्या" अशी लेखी मागणी केली होती. पण स्वतःचं नुकसान मागून घेणाऱ्या या पहिल्याच. नव्या प्रस्तावात फी घरामागे नव्हती, माणशी होती. बाई एकट्या राहायच्या. त्यांची फी उलट कमी होणार होती.

इंजिनियरसाहेबांना मात्र हसू आलं नाही. प्रस्ताव त्यांचाच होता, आणि खरं सांगायचं तर या एका बाईंना डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी तो लिहिला होता. मग बाई नको का म्हणतात, हे त्यांना काही केल्या कळेना.

बाईंचा नवरा गटारखात्यात मुकादम होता. खात्याचा एक जुना नियम होता. पाणी सोडण्याआधी वरच्यानं हाक द्यायची, "बाहेर आलात का?" खाली उतरलेला माणूस बाहेर पडला की त्यानं लोखंडी पाइपावर तीन ठोके द्यायचे. मगच झडप उघडायची. मुकादमाचे ठोके सगळे ओळखायचे. दोन लागोपाठ आणि तिसरा जरा दम खाऊन. "तिसरा चहा पिऊन येतो," असं कामगार म्हणायचे.

नऊ वर्षांपूर्वी मुकादम मोठ्या वाहिनीत उतरला होता. पाऊस कोसळत होता, साहेब नवखे होते, वरून फोनवर फोन येत होते. त्यांनी हाक न देताच झडप उघडली. मुकादमाचं हेल्मेट नदीत सापडलं. मुकादम सापडला नाही.

चौकशीत दोष पावसाला लागला. पेन्शनचे कागद साहेबांनी स्वतः धावपळ करून मंजूर करून घेतले, त्यावर बाईंनी मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. पण हाकेची गोष्ट साहेबांच्या तोंडून कधी निघाली नाही. तेव्हापासून गुडघाभर खड्डा असला तरी ते आधी हाक द्यायचे. हाताखालचे लोक तोंड फिरवून हसायचे. साहेब हसू द्यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाईंच्या घरी गेले. दारावर पाटी होती, "फक्त लेडीज". मशीनवर मात्र मोठ्या मापाचा सदरा होता.

"जावयाचा," बाई म्हणाल्या आणि सदरा बाजूला ठेवला.

"ताई, यात तुमचाच फायदा आहे हो."

"मोजायला घरात येणार ना तुमची माणसं?"

"दोन मिनिटं येतील. एक असं लिहून घेतील आणि जातील."

बाईंनी मान खाली घातली. "तेच नको, साहेब. माझ्या घरापुढं एक लिहिलेलं मला बघवणार नाही."

साहेबांना गलबलून आलं. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याची त्यांना लाज वाटली. ते खिडकीबाहेर बघू लागले. परसात चेंबरपाशी पाणी तुंबलं होतं.

"हे मी करून देतो," म्हणत ते उठलेच.

"अहो, राहू द्या! प्लंबर येणार आहे."

साहेब तोवर परसात पोचले होते. झाकण उचलून त्यांनी आत डोकावलं. "एकट्या माणसाची लाइन एवढी तुंबत नाही, ताई."

"दोरे जातात, चिंध्या जातात. राहू द्या म्हणते ना."

साहेबांनी परसातल्या पाण्याच्या टाकीचा रबरी पाइप चेंबरमध्ये सोडला, चावीवर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"ताई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी पाणी मी सोडलं. हाक न देता."

बाईंनी भिंत धरली. मोरीच्या खिडकीकडे एकदा बघून त्या हळूच म्हणाल्या, "इथं नका बोलू."

"बोलू द्या. नऊ वर्षं झोप नाही मला. मुकादमाला मीच मारलं."

साहेबांनी डोळे पुसले. मग मांजरसुद्धा मावणार नाही अशा त्या चेंबरवर वाकून त्यांनी सवयीनं हाक दिली.

"बाहेर आलात का?"

मोरीतून भिंतीबाहेर आलेल्या लोखंडी पाइपावर आतून दोन ठोके पडले. आणि जरा दम खाऊन, तिसरा.