जिंकल्याची तक्रार

"गेममध्ये हे संगीत घातलंत ते घातलंत, वर ते बंद करायची सोयही ठेवली नाहीत? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" गेम कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीवर तो उखडला.

"पण सर, सगळ्यांना आवडलंय. आणि तुमच्या खात्यावर दिसतंय, तुम्ही तर एकाच खेळाडूकडून वर्षभर हरत होतात. अपडेट आल्यापासून रोज जिंकताय!"

"मग, त्याचीच तर तक्रार करतोय!"

"जिंकल्याची?" तिला हसू आवरेना.

"हसू नका. तो खेळाडू म्हणजे माझी ताई आहे. तिला दिसत नाही. गेममधल्या माझ्या पावलांच्या आवाजावरून ती मला बरोब्बर शोधायची आणि उडवायची." त्याचा चढलेला आवाज उतरला. "आता तुमच्या या ढणढणाटात तिला मी सापडतच नाही हो."